फिनॉल-सल्फ्युरिक पद्धतीत शेवाळाचं रीडिंग जुळत नसेल तर

डिसेंबर-जानेवारी आला, की कोकणातल्या कातळांवर शेवाळ भरात येतं आणि त्याच सुमाराला एम.एस्सी.च्या मुलांच्या अंगावर प्रोजेक्टची तारीख येते. मग आमच्या लॅबमध्ये तक्रार ठरलेली: ‘कार्बोहायड्रेट लागत नाही’, म्हणजे शेवाळातल्या कर्बोदकांचा आकडा जुळत नाही. पद्धत बहुतेक सगळ्यांची एकच असते. १०० मिलिग्रॅम कोरडी पूड घ्यायची आणि २.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचे ५ मिली घालून उकळत्या पाण्यात तीन तास ठेवायची. गार झाल्यावर सोडियम कार्बोनेटने उदासीन करायची, १०० मिलीपर्यंत भरायची, सेंट्रिफ्यूज करायची. वरच्या द्रावणातलं ०.२ मिली घेऊन पाण्याने १ मिली करायचं, त्यात ५ टक्के फिनॉल १ मिली आणि संहत सल्फ्युरिक ॲसिड ५ मिली. दहा मिनिटांनी हलवून वीस मिनिटं साध्या पाण्यात, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, ४९० नॅनोमीटरला रीडिंग. साखर जेवढी जास्त तेवढा रंग गडद. रंगाची ही पद्धत डुबॉय आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडली. स्वस्त आहे, सोपी आहे. पण तिचं सोपेपण कागदावर जेवढं दिसतं तेवढं हातात उतरत नाही, आणि नमुना समुद्राचा असला तर आणखीनच.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक तपासणीपर्यंत लावला आहे. मधलं काही गाळून एकदम शेवटाकडे जाऊ नका. बहुतेकांची अडचण पहिल्या पाचात सुटते.

लक्षणं

- एकाच नमुन्याच्या तीन नळ्या: ०.३२, ०.४७, ०.३९.
- ब्लँकच (नमुन्याऐवजी नुसतं पाणी घेतलेली नळी) पिवळा किंवा फिकट नारिंगी.
- ग्लुकोजच्या आलेखाची (माहीत असलेलं ग्लुकोज आणि त्याचं रीडिंग यांची) रेघ वाकते, किंवा एखादा बिंदू उगाच वर उडतो.
- ग्लुकोजच्या नळ्या छान नारिंगी-पिवळ्या, शेवाळाच्या मात्र मळकट तपकिरी किंवा गढूळ.
- तिन्ही नळ्या अगदी जुळतात, पण उत्तर येतं ६ टक्के. किंवा १३० टक्के.
- मागच्या आठवड्यात त्याच पुडीचं उत्तर वेगळं होतं.
- ॲसिड घालताच नळीत बुडबुडे आणि झोंबणारा धूर.
- शंभरातून ओलावा, प्रथिनं, स्निग्ध आणि राख वजा करून काढलेला आकडा या आकड्याशी जुळत नाही.

यादी लांब दिसते, पण पहिला प्रश्न एकच विचारायचा. तिन्ही नळ्या एकमेकींशी भांडतात, की तिन्ही मिळून खोटं बोलतात? भांडत असतील तर दोष हातात, काचेत किंवा ॲसिड ओतण्यात आहे. एकमताने चुकीचं सांगत असतील तर दोष हिशोबात, पुडीत किंवा शेवाळाच्या स्वभावात आहे. हे ठरवायला एक छोटा रॅक लावा: तीन ब्लँक, ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोजच्या तीन, नमुन्याच्या तीन आणि नमुना घालून फिनॉलऐवजी पाणी घातलेल्या दोन. या शेवटच्या दोन नळ्या कुणी लावत नाही. त्यांच्याशिवाय पुढचं निम्मं निदान आंधळं होतं.

१. आधी वही उघडा

फुकटची तपासणी, आणि एकमताने चुकणाऱ्या नळ्यांमागे सगळ्यात जास्त वेळा हीच निघते. समजा आलेखावरून ६० मायक्रोग्रॅम मिळाले. हे ६० तुम्ही घेतलेल्या ०.२ मिली द्रावणात होते, पाणी घालून केलेल्या १ मिलीत नव्हे. म्हणजे मूळ द्रावणाच्या १ मिलीत ३००, १०० मिलीत ३०,००० मायक्रोग्रॅम, अर्थात ३० मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅम पुडीत ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३० टक्के. ‘६० भागिले १ मिली’ असं लिहिलंत की तेच उत्तर ६ टक्के होतं. सहा टक्के घेऊन आलेल्या मुलाला मी आधी रसायनाबद्दल काहीच विचारत नाही, वही मागते.

ग्लुकोजच्या बाटलीचं लेबलही इथेच वाचून घ्या. निर्जल ग्लुकोजचा रेणुभार १८०, मोनोहायड्रेटचा १९८. मोनोहायड्रेट वापरून ते निर्जल समजलात तर १०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्षात ९१ च मिलिग्रॅम ग्लुकोज असतं आणि तुमचं ३० टक्क्यांचं शेवाळ ३३ टक्क्यांचं होतं. आलेख सरळच येतो, म्हणून संशयही येत नाही.

तिसरी गोष्ट, टक्केवारी कशाची? पुडीत १२ टक्के ओलावा असेल, तर पुडीवर ३० टक्के म्हणजे पूर्ण कोरड्या वजनावर ३४ टक्के. ओल्या शेवाळात तर बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दोन प्रबंधांमधले आकडे शेजारी ठेवून घाबरण्याआधी दोघांचा पाया एक आहे का ते बघा. आणि ग्लुकोज म्हणून मोजलेलं बहुशर्करा म्हणून सांगायचं असेल तर ०.९ ने गुणायचं असतं, कारण साखळी तुटताना प्रत्येक कडीला पाण्याचा एक रेणू चिकटतो. गुणलंय की नाही, एवढं तरी लिहून ठेवा.

२. धागे, कागद, धूळ

तीन नळ्यांतली एकच उंच गेली असेल तर बहुधा हेच. ही पद्धत साखर ओळखते, आणि कागद, कापूस, टिश्यू, सुती फडका हे सगळं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच. संहत सल्फ्युरिक ॲसिड ते विरघळवतं आणि त्याचाही रंग येतो.

किती फरक पडेल, असं वाटत असेल तर हिशोब करा. झेरॉक्सचा साधा कागद ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो. म्हणजे एक चौरस मिलिमीटर कपच्याचं वजन ८० मायक्रोग्रॅम. तुमचा सगळा आलेख १० ते १०० मायक्रोग्रॅमचा! टिश्यूचा डोळ्याला न दिसणारा धागासुद्धा रीडिंग हलवायला पुरतो.

म्हणून नळ्या आतून फडक्याने किंवा टिश्यूने पुसायच्या नाहीत. धुऊन, डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खंगाळून, उलट्या घालून ओव्हनमध्ये वाळवायच्या आणि तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल लावून ठेवायच्या. कापसाचे बोळे तर नकोतच. अर्क फिल्टर पेपरमधून गाळत असाल तर पहिले काही मिली टाकून द्या, किंवा सरळ सेंट्रिफ्यूज करा. क्युव्हेट, म्हणजे रीडिंगसाठी यंत्रात ठेवायची छोटी पारदर्शक डबी, बाहेरून पुसताना टिश्यू तोंडाजवळ नेऊ नका. पंख्याखाली उघडा रॅक ठेवून चहाला जाणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.

३. फिनॉलचा रंग

शुद्ध फिनॉलचे स्फटिक पांढरे असतात. हवा आणि उजेड लागला की गुलाबी, मग लालसर. पिवळ्या ब्लँकचं पहिलं कारण हे. ५ टक्के द्रावण, म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, गरजेपुरतं ताजं करा आणि तपकिरी बाटलीत ठेवा. बाटलीत घट्ट बसलेलं फिनॉल चमच्याने उकरत बसण्यात अर्थ नाही. ते ४१ अंशांच्या आसपास वितळतं. फ्युम हूडमध्ये (धूर-वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), बाटलीचं बूच सैल करून कोमट पाण्यात उभी ठेवली की काम होतं. ताज्या फिनॉलनेही ब्लँक पिवळाच येत असेल तर फक्त पाणी आणि ॲसिडची एक नळी लावा. तिलाही रंग आला तर दोष ॲसिडचा, पाण्याचा किंवा नळीचा.

४. ग्लुकोजचा साठा

फ्रिजमधल्या महिन्यापूर्वीच्या ग्लुकोजच्या द्रावणात बुरशीचे तंतू तरंगताना मी पाहिलेत, आणि तेच द्रावण हलवून वापरणारे हातही. साखर म्हणजे जंतूंची मेजवानी. साठा नवा करा, नाहीतर बेन्झोइक ॲसिडच्या पाण्यात करा, तो टिकतो. कामाचं १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं द्रावण मात्र त्याच दिवशी. जुन्या साठ्यातलं ग्लुकोज जंतूंनी खाल्लं असेल तर नमुन्याचं उत्तर फुगून येतं. लक्षण असं, की आठवड्यागणिक शेवाळ ‘गोड’ होत जातं.

५. ॲसिड ओतण्याची पद्धत

इथे जरा थांबू, कारण एकमेकींशी भांडणाऱ्या नळ्यांचं खरं मूळ बहुधा इथेच असतं.

या पद्धतीत बाहेरून उष्णता दिली जात नाही. साखरेतलं पाणी निघून फरफ्युरल आणि हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरलसारखे रेणू तयार व्हायला लागतात, ते फिनॉलशी जोडले जाऊन रंग येतो, आणि त्यासाठी लागणारी सगळी ऊष्मा ॲसिड आणि पाणी एकत्र येण्यातून मिळते. दोन मिली पाण्यावर पाच मिली ॲसिड झपकन पडलं की नळी शंभर अंशांच्या आसपास जाते. तेच ॲसिड नळीच्या भिंतीवरून हळूहळू सोडलं तर ते जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं, वर पाण्याचा थर राहतो, ऊष्मा हळूहळू उडून जाते आणि रंग फिका येतो. मुलं घाबरून असंच करतात. भीती बरोबर आहे, कृती चुकीची आहे. मूळ पद्धतीतच सांगितलंय, की ॲसिडची धार नळीच्या भिंतीवर नव्हे, तर द्रवाच्या पृष्ठभागावर पडली पाहिजे.

मग सुरक्षित राहून जलद कसं ओतायचं? बाटलीवर बसणारा ॲसिडचा डिस्पेन्सर असेल तर तो वापरा. पहिल्या एक-दोन धारांत हवा असते, त्या वेगळ्या बीकरमध्ये जाऊ द्या. डिस्पेन्सर नसेल तर काचेचं पिपेट आणि रबरी बल्ब, टोक रुंद असलेलं. मायक्रोपिपेटने संहत ॲसिड ओढू नका. वाफेने आतला दट्ट्या खराब होतो आणि नंतर तेच पिपेट सगळ्या लॅबला चुकीची मापं देत बसतं. तोंडाने ओढायचा तर प्रश्नच नाही.

नळ्या सगळ्या एकाच व्यासाच्या घ्या, १६ ते २० मिलिमीटरच्या. अरुंद नळीत द्रव उसळतो आणि नीट मिसळत नाही, निरनिराळ्या व्यासांच्या नळ्या निरनिराळ्या वेगाने गार होतात. सगळं ओतून झालं की रॅक डोळ्यांच्या पातळीला आणून बघा. सगळ्या पातळ्या एका रेषेत हव्यात. जिची पातळी खाली आहे तिचं रीडिंग आताच वहीतून खोडा, नंतर ‘आउटलायर’ म्हणून खोडण्यापेक्षा ते प्रामाणिक.

ओतून झाल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, मग नीट मिसळा. नळीत तेलकट लहरी दिसत असतील तर मिसळलेलं नाही. त्या लहरी क्युव्हेटमध्ये गेल्या तर आकडा स्थिर होत नाही, वर-खाली नाचत राहतो. रंग काही तास टिकतो, तेव्हा घाई नको.

ॲसिडची बाटली किती जुनी आहे हेही विचारा. सल्फ्युरिक ॲसिड हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडझाप होणारी बाटली हळूहळू पातळ होत जाते. पातळ ॲसिड म्हणजे कमी ऊष्मा, कमी रंग. नवी बाटली फोडून ५० मायक्रोग्रॅमच्या तीन नळ्या जुन्या ॲसिडच्या आणि तीन नव्याच्या, शेजारी शेजारी लावा. फरक असेल तर डोळ्यांनाच दिसतो.

हे सगळं गॉगल, ॲप्रन आणि हातमोजे घालून, फ्युम हूडमध्ये. फिनॉल त्वचा बधिर करतं, त्यामुळे भाजल्याचं आधी कळतच नाही आणि ते त्वचेतून शरीरात जातं. उरलेलं रंगीत द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. गार झाल्यावर वेगळ्या काचेच्या बाटलीत, लेबल लावून. त्यात पाणी तर मुळीच टाकायचं नाही.

६. स्पेक्ट्रोफोटोमीटर

यंत्राला दोष देण्याची घाई सगळ्यांना असते, म्हणून हे सहाव्या क्रमांकावर ठेवलंय. दिवा लावून अर्धा तास होऊ द्या. द्रावण खोलीच्या तापमानाला आलंय ना, क्युव्हेटच्या भिंतीवर बुडबुडा नाही ना, क्युव्हेटची खूण दर वेळी एकाच बाजूला आहे ना, एवढं बघा. गरम द्रावणामुळे क्युव्हेटवर धुकं धरतं आणि रीडिंग वर जातं. एकच क्युव्हेट सगळीकडे वापरणं उत्तम, फिकट नळीपासून गडद नळीकडे जात.

रीडिंग १ च्या वर जात असेल तर नमुना कमी घ्या. रंग आल्यावर पाणी घालून पातळ करण्याचा प्रकार अनेक जण करतात. तो धोकादायक आहे, कारण ॲसिडात पाणी ओतल्यावर द्रावण उसळतं, आणि रंगही पुन्हा बदलतो. पातळ करायचा तो मूळ अर्क.

७. पूड

इथून पुढे शेवाळाचा भाग. कुणकेश्वरच्या किंवा मालवणच्या कातळावरून अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला सरगॅसम हे तपकिरी शेवाळ काढून आणलंत, तर पिशवीत शेवाळाबरोबर वाळू, शंखशिंपल्यांचे कण, अंगावर वाढलेलं दुसरं बारीक शेवाळ आणि मीठ येतं. या सगळ्याचं वजन तुमच्या १०० मिलिग्रॅममध्ये धरलं जातं, साखर मात्र त्यातून येत नाही. बरोबरचं बारीक शेवाळ तर स्वतःची वेगळी साखर घेऊन येतं. म्हणून किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात खळखळून धुवा, घरी किंवा लॅबमध्ये आल्यावर गोड्या पाण्यातून पटकन काढा आणि ब्रशने साफ करा. गोड्या पाण्यात तासभर भिजत ठेवू नका. मॅनिटॉलसारखे पाण्यात विरघळणारे घटक निघून जातात. किनाऱ्यावर वाहून येऊन कुजायला लागलेलं शेवाळ विश्लेषणाला नकोच, कातळाला धरून असलेलं घ्या.

मीठ राहिलं तर दोन गोष्टी होतात. एक, क्लोराइडवर संहत सल्फ्युरिक पडलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो: ते बुडबुडे आणि तो झोंबणारा धूर. दुसरं, खारट पूड हवेतला ओलावा ओढते. सकाळी तोललेली १०० मिलिग्रॅम पूड आणि दुपारी तोललेली १०० मिलिग्रॅम पूड यांत शेवाळ सारखं नसतं. ६० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (आत ओलावा शोषणारं सिलिका जेल असलेल्या बंद भांड्यात) गार करा, लगेच तोला, आणि त्याच दिवशी थोडी पूड १०५ अंशांना ठेवून ओलावा काढा. ‘मागच्या आठवड्यात वेगळं होतं’ या तक्रारीचं उत्तर बरेचदा डेसिकेटरमधल्या, ओलाव्याने गुलाबी झालेल्या सिलिका जेलमध्ये असतं.

उल्वासारखी हिरवी शेवाळं पाण्यातलं नायट्रेट साठवून ठेवतात. नायट्रेट ॲसिडात फिनॉलशी स्वतःच प्रक्रिया करतं आणि रंगात ढवळाढवळ होते. फिनॉल नसलेल्या नळीत हा दोष दिसत नाही, म्हणून सांडपाण्याच्या तोंडाशी वाढलेल्या उल्वाबाबत जास्त सावध राहा. पडिना या पंख्यासारख्या तपकिरी शेवाळावर चुन्याचा पांढरा थर असतो. हायड्रोक्लोरिक घालताच ती फसफसते आणि चुना आपल्या वाट्याचं ॲसिड खाऊन टाकतो. अशा पुडीला आधी फसफस थांबेपर्यंत थोडं थोडं ॲसिड द्या आणि वहीत तसं लिहा.

मळकट तपकिरी रंगाचं उत्तर बहुधा फिनॉल न घातलेल्या त्या दोन नळ्यांत असतं. त्याही तपकिरी असतील तर रंग शेवाळातल्या रंगद्रव्यांचा किंवा तपकिरी शेवाळातल्या पॉलिफिनॉलचा आहे. तेवढं रीडिंग वजा करा, किंवा नव्या पुडीला आधी ८० टक्के इथेनॉलने धुवा. मात्र इथेनॉल सुट्या साखरा आणि मॅनिटॉलही घेऊन जातं. मग उत्तराला ‘एकूण’ म्हणता येत नाही.

८. तीन तासांची उकळी

वॉटर बाथमधलं पाणी नळीतल्या द्रवाच्या पातळीच्या वर राहिलं पाहिजे. तीन तासांत ते आटतं, आणि वरचा अर्धा भाग नुसताच शेकत बसतो. नळीचं तोंड झाकलेलं हवं. नंतर सोडियम कार्बोनेट चिमटीचिमटीने घाला. एकदम घातलं की फेस उतू जातो आणि त्याबरोबर तुमची साखरही. फसफस थांबली की पीएच पेपरने खात्री करा, वायू पूर्ण जाऊ द्या, मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. बुडबुड्यांनी भरलेला अर्क पिपेटमध्ये ०.२ मिली दिसतो, असतो कमी.

उदासीन करताना अर्कात मीठ तयार होतं. आलेखाच्या नळ्यांतही तेवढंच मीठ घालून बघा. साध्या पाण्यातला आलेख आणि खारट नमुना यांची तुलना कधीकधी फसवते. काही जण हायड्रोलिसिस, म्हणजे ॲसिडने साखरेची साखळी तोडणं, न करता गरम पाण्यातच अर्क काढतात. त्यांच्यासाठी सूचना: ग्रॅसिलेरिया या लाल शेवाळाचा अर्क गार झाला की त्यातलं अगार ४० अंशांखाली घट्ट होऊ लागतं आणि पिपेटमध्ये कधी जेली येते, कधी पाणी. गरम असतानाच पातळ करा.

साखळी पुरती तुटली का? सेंट्रिफ्यूजच्या तळाचा गाळ धुऊन त्याच्यावरच फिनॉल-सल्फ्युरिक करा. गडद रंग आला तर त्यात अजून साखर आहे. सेल्युलोज २.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिकला फारशी दाद देत नाही. ते हवं असेल तर ७२ टक्के सल्फ्युरिकमध्ये ३० अंशांना एक तास, मग ४ टक्क्यांपर्यंत पातळ करून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना एक तास, अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे. उलट, जास्त वेळ उकळल्यानेही साखर नासते. एकाच पुडीचे चार भाग करून १, २, ३ आणि ४ तास उकळा. आकडा कुठे चढायचा थांबतो ते तुमच्या शेवाळाचा वेळ. शिवाय एका नळीत पुडीबरोबर १० मिलिग्रॅम ग्लुकोज घाला आणि शेवटी ते परत मिळतंय का बघा. ७ मिलिग्रॅमच परत आलं तर उरलेलं वाटेत कुठेतरी सांडलं किंवा जळलं.

९. सगळं बरोबर, तरी आकडा कमी

आता दोष तुमचा नाही. ग्लुकोजचा आलेख लावून तुम्ही जे मोजताय ते ग्लुकोजच्या भाषेतलं उत्तर आहे, आणि शेवाळात ग्लुकोज एकटं नसतं. सरगॅसममध्ये अल्जिनेट, म्हणजे मॅन्युरॉनिक आणि गुल्युरॉनिक आम्लांची साखळी, भरपूर. ही आम्लं या पद्धतीत ग्लुकोजपेक्षा फिका रंग देतात, आणि त्यांचा रंग ४८० नॅनोमीटरजवळ सर्वांत गडद असतो. मॅनिटॉल ही साखर नव्हे, साखरेचं अल्कोहोल. ते रंगच देत नाही. ग्रॅसिलेरिया, हिप्निया, कॅपाफायकस या लाल शेवाळांत गॅलॅक्टोज असतं आणि त्याच्या जोडीला ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोज, जे गरम ॲसिडात लवकर नासतं. उल्वामध्ये रॅम्नोज, झायलोज आणि पुन्हा युरॉनिक आम्लं. त्यामुळे एका रॅकमध्ये लावलेल्या सरगॅसमची आणि उल्वाची टक्केवारी शेजारी ठेवून ‘यात कर्बोदकं जास्त’ असं ठामपणे म्हणणं मला पटत नाही.

करायचं काय? लाल शेवाळाला गॅलॅक्टोजचा आलेख लावा, अल्जिनेटवर काम असेल तर सोडियम अल्जिनेटचा. निष्कर्षात ‘ग्लुकोज-समतुल्य’ असा शब्द लिहा. अँथ्रोन या साखर मोजण्याच्या दुसऱ्या रंगाच्या पद्धतीकडे वळून काही साधत नाही, युरॉनिक आम्लांना ती याहूनही कमी दाद देते. वजाबाकीच्या आकड्याशी ताळमेळ लागेल ही अपेक्षाही सोडा. त्या आकड्यात न तुटलेला तंतू येतो, शिवाय प्रथिनं काढताना नायट्रोजनला ६.२५ ने गुणलेलं असतं. शेवाळासाठी तो गुणक ५ च्या जवळ असायला हवा, म्हणजे प्रथिनं फुगतात आणि कर्बोदकं दबतात.

कधी थांबायचं

खोलीच्या तापमानाचं, नीट मिसळलेलं, एकच क्युव्हेट यंत्रात ठेवून पाच मिनिटांत रीडिंग सरकत असेल, किंवा रंगाचा कळस ४९० ऐवजी भलत्याच ठिकाणी दिसत असेल, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. दिवा बदलण्यापलीकडे आतल्या आरशांना आणि ग्रेटिंगला हात लावू नका. फ्युम हूड ओढत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत हा प्रयोग बंद, खिडकी उघडून चालवायचा नाही. फिनॉल किंवा ॲसिड अंगावर पडलं तर कपडे काढून निदान पंधरा मिनिटं भरपूर पाण्याखाली, आणि तिथून थेट डॉक्टरकडे, ‘बघू संध्याकाळपर्यंत’ नाही.

आलेख सरळ, नळ्या जुळतात, घातलेलं ग्लुकोज परत मिळतं आणि तरीही ‘कोणती साखर किती’ हा प्रश्न उरतो, तेव्हा फिनॉलची बाटली बंद करा. त्याचं उत्तर एचपीएलसी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफी या साखरा वेगळ्या करून मोजणाऱ्या पद्धतींकडे आहे आणि त्यासाठी मोठ्या केंद्राकडे जावं लागतं. शेवाळाच्या रसायनावर काम करणारी जुनी संस्था म्हणजे भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था. आपल्या विद्यापीठाच्या उपकरण केंद्रातही आधी विचारून पाहा. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर छापायचा आकडा हवा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल घ्या, कॉलेजच्या लॅबमधला नको.

नमुना बाहेर पाठवताना हवाबंद पिशवीत सिलिका जेलसह पाठवा आणि सोबत कागद जोडा: जात, गोळा केल्याची तारीख आणि जागा, धुतलं कसं, वाळवलं किती अंशांना, आणि इथेनॉलने धुतलंय की नाही. तुमच्याकडचे फिनॉल-सल्फ्युरिकचे आकडेही ब्लँकसकट द्या. थोडी पूड स्वतःजवळ ठेवून द्या, तिकडून शंका आली तर पुन्हा लावायला हाताशी असलेली बरी.